खुर्ची वर्गाबाहेर

१८ जानेवारी, रविवार. सकाळपासून कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात गुंडाळी फळे पुसत बसले आहे. एकेक उलगडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, कठड्यावर उन्हाला टाकायचा आणि वाळला की पुन्हा गुंडाळायचा. उद्यापासून लासुर्ण्याच्या शाळेत आपले सराव पाठ परत सुरू होत आहेत. मुलांसमोर मळका फळा टांगायचा नाही हा नियम मीच केलेला, म्हणून हे रविवारचं कामही माझ्याच गळ्यात.

सर, पुसायचं काम तुम्ही कधी केलं नाहीत. तुम्ही नुसते बांधायचात. फौजेतली ती गाठ, एक टोक ओढलं की अख्खी सुटणारी. "शिकून घ्या बाई, दोन मिनिटांचं काम आहे," असं दर वर्षी म्हणायचात. मी दर वर्षी म्हणायचे, "तुम्ही आहात की." आज सगळ्या फळ्यांना तुमच्याच गाठी होत्या. ओढल्या, सुटल्या. आता बांधायला माझी साधी दोनपदरी गाठ. उद्या ती सोडवताना पोरी नखं मोडतील, पण त्याला माझा इलाज नाही.

प्राचार्यांनी वार्षिक अंकासाठी तुमचा परिचय मागितलाय. जन्म, शिक्षण, लष्करातली नोकरी, मग बी.एड., एम.एड., पीएच.डी., असं एका पानात बसवून देईन. फोटोही दिलाय, टाय लावलेला, ज्यात तुम्ही कोणीतरी दुसरेच दिसता. हे लिहितेय ते त्यासाठी नाही. तुमचं-माझं एक भांडण अर्धं राहिलंय. ते सारिकाबद्दलचं आहे आणि उद्या सकाळपर्यंत ते मला एकटीला मिटवायचंय. तिला आणखी एक पाठ द्यायचा की या वर्षापुरतं घरी पाठवायचं, हे ठरवायला प्राचार्यांनी मला सांगितलंय. "सर असते तर तुम्ही दोघांनी ठरवलं असतं," ते म्हणाले. तुम्ही असता तर आपण दोघांनी नुसतं भांडण केलं असतं, हे त्यांना माहीत नाही.

तुम्ही कॉलेजात आलात तेव्हा मीही तशी नवीच होते. माजी सैनिक येणार म्हणून आम्ही मोठ्या आवाजाच्या, मिशांना पीळ दिलेल्या माणसाची तयारी ठेवली होती. आलात तुम्ही, किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे, आणि पॉलिश केलेले बूट. पहिल्याच बैठकीत प्राचार्य आत आले तसे तुम्ही ताडकन उभे राहिलात. तुम्हाला बघून आम्हीही अर्धवट उठलो, मग बसायचं कधी ते कुणाला कळेना. त्या एका मिनिटात तुम्ही प्राचार्यांना कायमचे आवडलात आणि मला अजिबात नाही.

तुमच्या तासाच्या शेवटी ते "कोई शक?" यायचं. फौजेतला तास असाच संपतो म्हणे. बारामतीच्या कॉलेजात, मराठी माध्यमाच्या वर्गात, अध्ययनाच्या उपपत्ती शिकवून झाल्यावर, "कोई शक?" पहिल्या वर्षी पोरं तोंड दाबून हसायची. पण ते विचारून तुम्ही थांबायचात. आम्ही बाकीचे "काही शंका?" म्हणतो आणि पुस्तक मिटतो. तुम्ही खरोखर वाट बघायचात. ती शांतता एवढी लांबायची की शेवटी कुणाला तरी सहन व्हायची नाही आणि तो काहीतरी विचारायचा. तिथून तुमचा खरा तास सुरू व्हायचा आणि माझा पुढचा तास बुडायचा. त्यावरून मी किती वेळा स्टाफरूममध्ये बोलले असेन. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

पण आपलं मूळ भांडण खुर्चीचं.

पहिल्यांदा आपण दोघं एकत्र पाठ बघायला गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी वर्गात मागे दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, एकीवर टॉवेलसुद्धा. मी माझ्या खुर्चीवर बसले, पेन काढलं. तुम्ही तुमची खुर्ची उचललीत, वर्गाबाहेर ठेवलीत, तिच्याशेजारी बूट काढलेत आणि मोजे घालूनच आत येऊन शेवटच्या बसकरपट्टीवर मुलांच्या रांगेत मांडी घातलीत. मला वाटलं पाठ दुखत असेल. मग आपल्या प्रशिक्षणार्थी मुलानं महाराष्ट्राची राजधानी विचारली आणि तुम्ही हात वर केलात.

"पुणे," तुम्ही म्हणालात.

सगळा वर्ग वळून बघायला लागला. शेजारची मुलगी म्हणाली, "आजोबा, मुंबई हाय. तुमचं नाव कितवीत हाय?"

"अजून घातलं नाही," तुम्ही म्हणालात.

परतीच्या वाटेवर मी तुम्हाला सुनावलं. आपण परीक्षक म्हणून जातो, मुलं हसतात, शिकवणाऱ्याचं लक्ष उडतं, खुर्ची उगीच दिलेली नसते. तुम्ही खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत होतात. म्हणालात, "हसू द्या की. हसायला तोंड उघडावं लागतं. एकदा उघडलं की बोलतात."   पण मी माझी खुर्ची सोडली नाही, शेवटपर्यंत.

खाली बसण्याचं कारण मी बऱ्याच दिवसांनी विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत की लहानपणी वडिलांची मेंढरं होती. वरकुट्याला घर होतं, पण वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं. जिथं मुक्काम पडेल तिथल्या शाळेत आई तुम्हाला नेऊन बसवायची. गुरुजी बसू द्यायचे, सगळ्यात मागे. हजेरीत नाव नाही, त्यामुळे प्रश्न कधी तुमच्यापर्यंत यायचाच नाही. "माझी सगळी उत्तरं तशीच शिल्लक राहिली, बाई. आता वापरतोय. जुनी झालीत म्हणून चुकीची निघतात," असं म्हणून तुम्ही हसलात. मी ते कारण मान्य केलं आणि विषय मनातल्या मनात बंद केला. या माणसाला मागच्या मुलांची माया आहे, बस्स. माया असणं चांगलं. पाठ तपासायला मात्र ती कामाची नाही, असं माझं मत होतं.

तुमच्या मायेचा एक हिस्सा माझ्याही वाट्याला आला, तेही लिहून टाकते, कारण तोंडावर कधी म्हटलं नाही. गाडी चालवायला तुम्ही मला शिकवलंत. घरात गाडी होती, पण मला चालवायला द्यायचं कुणाच्या मनात यायचं नाही. तुम्ही कॉलेज सुटल्यावर ग्राउंडवर घेऊन जायचात. एक शब्द बोलायचा नाहीत. गाडी बंद पडली की खिडकीबाहेर बघत बसायचात, जणू ती मुद्दामच थांबवलीय. मग एक दिवस थेट इंदापूर रस्त्याला लावलंत, ऐन गाळपाच्या हंगामात. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, डोंगराएवढा ऊस, त्यावर गाणी. मी हॉर्न वाजवत होते. तुम्ही म्हणालात, "त्याला ऐकू येत नाही. तुम्ही फक्त मागे राहा. रस्ता रुंद झाला की तोच बाजूला घेतो." त्यानं घेतलासुद्धा. त्या दिवसापासून मी कुणाच्या मागे बसून कुठे गेले नाही. एवढं मोठं काम करून तुम्ही ते पुन्हा कधी काढलं नाहीत आणि मीही काढलं नाही. आज काढते.

आता सारिका.

कऱ्हाटीची सून, तिशी ओलांडलेली, एक मुलगा शाळेत. घरची तरकारी. पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या पेंड्या बांधून टेम्पोत चढवायच्या आणि मग एसटी पकडून कॉलेजला यायचं. लेखी परीक्षेत पहिल्या पाचांत. आणि वर्गासमोर उभी राहिली की मुकी. बारामतीतल्या शाळेत तिचा पहिला पाठ बघितला. ती आत आली, मुलांकडे पाठ केली आणि फळ्यावर लिहायला लागली. घंटा होईपर्यंत लिहीतच होती. अक्षर सुंदर होतं. मी पाठ रद्द केला. 

रद्द झालेला पाठ एकदा पुन्हा देता येतो. तो तिनं डिसेंबरात लासुर्ण्याला दिला, सहावीला, विज्ञानाचा. पाण्याची वाफ, ढग, पाऊस. पाठाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकानं त्या गावात एक फेरी मारायची, पोरं कुठल्या वस्तीवरून येतात ते बघायचं, हा तुमचा शिरस्ता. फौजेत याला रेकी म्हणतात, असं तुम्ही सांगायचात. बाकीचे गाव बघून आले. सारिकानं शाळा सुटताना सहावीला थांबवलं आणि दुसऱ्या दिवशीचे सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं त्यांच्याकडून घोकून घेतली.

पाठाला उभी राहिली तेव्हा पहिला प्रश्न नीट गेला. अख्ख्या वर्गाचे हात वर. मला तेव्हाच संशय आला, कारण अख्ख्या वर्गाचे हात फक्त सुट्टी हवी का विचारल्यावर वर जातात. मग तिनं घाबरून दुसरा प्रश्न गाळला आणि तिसराच विचारला.

"ढग कशाचे असतात?"

वर्ग एका सुरात म्हणाला, "दोरीवर."

कारण दुसरा प्रश्न होता, ओले कपडे आपण कुठे वाळत घालतो.

ती तशीच उभी. मुलांना वाटलं बाईंना ऐकू गेलं नाही, म्हणून सगळी आणखी जोरात म्हणाली, "दोरीवर." तुम्ही बसकरपट्टीवर पोट धरून हसत होतात, मुलांसारखे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पुढच्या रांगेतली एक मुलगी माझ्याकडे वळून समजावायला लागली, "बाई, कालच्याला बाईंनी असंच सांगितलं हुतं." मी वहीवर "पाठ रद्द" लिहिलं आणि खाली रेघ मारली.

त्या दिवशी लासुर्ण्याच्या स्टँडवर चहा घेताना आपलं वाजलं. मी म्हटलं, आता पुरे. मुभा संपली. जिला वर्गासमोर आवाज फुटत नाही तिच्या हातात वर्ग देणं म्हणजे मुलांवर अन्याय. आणि वर ही लबाडी. या वर्षी तिला थांबवायचं.

"आवाज फुटत नाही कसं म्हणता? अख्खा वर्ग तिनं पढवला की," तुम्ही म्हणालात.

"आदल्या दिवशी."

"म्हणजे शिकवलं तर खरं. फक्त आपण नसताना शिकवलं."

"सर, ती फसवणूक आहे."

"व्हय, हाय." तुम्ही तापलात की वरकुट्याची बोली यायची, तशी आली. "घाबरलेलं माणूस फसवतंच. म्हणून त्येला हाकलायचं न्हाय. बाई, आमच्या फौजेतल्या उस्तादांनी एकदा काय केलं..."

आणि कॉलेजची गाडी आली. पोरी फळे सांभाळत चढायला लागल्या, एक फळा खाली पडून उलगडला, तुम्ही तो गुंडाळायला धावलात. मी म्हटलं, "उस्तादांचं नंतर सांगा." मग सत्र परीक्षा आल्या, मग सुट्टी. जानेवारीत कॉलेज उघडल्यावर तुम्ही एकदा दारातून डोकावून म्हणालात, "बाई, ते सारिकाचं बोलायचंय." माझ्यापुढे गुणांचे ढीग होते. म्हटलं, "बुधवारी." बुधवारी सकाळी तुम्ही फिरून आलात, बुटाची नाडी सोडायला वाकलात आणि तसेच राहिलात.

कळल्यावर मला आधी तुमचा राग आला, हेही सांगते. रक्तदाबाची गोळी तुम्ही रोज घेत नव्हतात. विचारलं की "घेतली" म्हणायचात आणि वहिनी मागून मान हलवायच्या. दुसऱ्याच्या फसवणुकीला एवढं समजून घेणारा माणूस स्वतः गोळीच्या बाबतीत किती लबाड होता, हे मी तुमच्या घराच्या पायरीवर उभं राहून म्हणालेसुद्धा. वहिनी तेवढ्यात हसल्या. एवढ्या रडारडीत त्या एकट्या हसल्या. म्हणाल्या, "घरातपण जेवण वाढलं की विचारायचे, कोई शक? मी म्हणायचे, शक काही नाही, मीठ कमी आहे, गुमान जेवा."

संक्रांत तुमच्या सुतकात गेली. परवा वरकुट्याला तुमचा दहावा झाला. गाव होतं, कॉलेज होतं, तुमचे जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते. भाषणं झाली. कुणी म्हणालं शिस्तप्रिय. तुम्ही वेळेवर एकही शेरा लिहून दिला नाहीत, सर. तुमचे सगळे शेरे मी मागे लागून घ्यायचे. शिस्तप्रिय ऐकून मी खाली बघितलं.

भाषणं संपल्यावर डाळिंबाच्या बागेच्या कडेला पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होते, तर पागोटं बांधलेले एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. बबनराव. तुमच्याबरोबर भरती झालेले, तुमच्याच कंपनीत होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"खुर्ची न सोडणाऱ्या बाई त्या तुमीच का?"

मी म्हटलं, "सर असं सांगायचे?"

"दर सुट्टीला. दत्तू म्हनायचा, एक बाई हाय आमच्यात, लई कडक. सगळ्यास्नी मी घोळात घेतो, पन ती खुर्चीवरनं उठत न्हाय. म्हनून बरं चाललंय आमचं."

हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी फडक्याला हात पुसत राहिले. मग एकदम आठवलं आणि विचारलं, "बबनराव, उस्तादांची काहीतरी गोष्ट आहे ना? सर सांगणार होते, राहून गेली."

"कुठल्या उस्तादाची? त्या लांगऱ्यांची?" आणि ते तिथंच टाकीच्या कट्ट्यावर बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. तुम्हाला उस्ताद करायचं ठरलं होतं, म्हणजे रंगरुटांना शिकवायचं. विषय नकाशा आणि होकायंत्र. तुम्हाला सगळं येत होतं, पण समोर पोरं बसली की घशाला कोरड. मग तुम्ही बराकीत पोरांना गाठलंत. मी हे विचारीन, तू हे सांग. दुसऱ्या दिवशी तुमचे उस्ताद, सुभेदार साहेब, तपासायला आले. तुम्ही प्रश्न विचारायच्या आत सगळ्या पोरांचे हात वर. 

"सायब उठला आन सगळ्या पोरांना म्हनला, जाव, चाय पियो," बबनराव सांगत होते. "आन खानावळीतनं लांगरी बोलावले. सैपाकी वो, कनकीचे हात तसेच. एक न्हावी, दोन धोबी. बसीवले रांगेत आन दत्तूला म्हनला, अब पढ़ाओ. त्यास्नी काय ठावं नकाशा? दत्तू घामानं भिजला. कुनी बोलंना. मग सायबच त्या धोब्यांच्या मधी जाऊन बसला, मांडी घालून. आन हात वर करून म्हनला, उस्ताद, उत्तर दिशा म्हंजे वर, आकाशात ना?"

"मग?"

"मग काय. न्हावी म्हनला, साहेब, असं कसं, वर तर पंखा हाय. झाली सुरू भांडनं. दत्तूला बोलावंच लागलं की. त्या दिवशी कंपनीला जेवान उशिरा."

मी विचारलं, "पास केलं का त्यांना?"

"कुठलं. नापास केला. दुसऱ्या दिवशी पुन्ना लांगरी, पुन्ना सायब खाली. आठवडाभर असं. आख्खी कंपनी दत्तूच्या नावानं बोटं मोडायची, भाकरीला उशीर म्हनून. शेवटी येक दिवस जेवान येळेवर झालं, तवा आमाला कळलं, दत्तू पास झाला."

मी गाडी काढली आणि बारामतीला येईपर्यंत रेडिओ लावला नाही. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही मुलांच्या मायेनं खाली बसता. मेंढरांमागच्या पोराची ती गोष्ट खरी असेलच, खोटं तुम्ही फक्त गोळीबद्दल बोलायचात. पण ती अर्धी होती. तुम्ही मागच्या मुलांसाठी बसायचात आणि पुढे उभ्या असलेल्या माणसासाठीही बसायचात, ज्याच्या घशाला कोरड पडलीय. त्याच्याकडे कुणीतरी काहीतरी चुकीचं भिरकावल्याशिवाय त्याला बोलायला सुचत नाही. हे तुम्ही मला सरळ का सांगितलं नाहीत? सांगत होतात, स्टँडवर. गाडी आली.

आणि एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. तुमच्या उस्तादांनी तुम्हाला नापास केलं. आठवडाभर रोज. तेवढा भाग तुम्ही मला सांगितला असतात का, याची मला शंका आहे. तुम्ही बहुतेक लांगऱ्यांपाशी थांबला असतात आणि मी पुन्हा म्हटलं असतं की नियम तो नियम. म्हणजे भांडण तसंच राहिलं असतं. थोडे तुम्ही बरोबर होतात, थोडी मी. हे मान्य करायला समोर तुम्ही नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एवढंच वाक्य, पुढे जाते.

दुपारी फळे गुंडाळून झाल्यावर सारिकाला फोन लावला. फोन उचलला गेला, पण पलीकडून कुणी हॅलो म्हणेना. तिचाच आवाज येत होता, दुसऱ्या कुणाला तरी. "ए, टेम्पो मागं घे म्हणलं ना. आरं, पेंड्या दबत्यात. तुला किती येळा सांगायचं, मेथी वर, कोबी खाली." कऱ्हाटीहून बारामतीला फोनशिवाय ऐकू आला असता असा आवाज. मी ऐकत राहिले. मग ती फोनवर आली आणि माझं नाव कळल्यावर तोच आवाज पार विझला.

"उद्या लासुर्ण्याला ये. पाठ आहे तुझा," मी म्हटलं.

"मॅडम, माझा तर..."

"माहीत आहे. एक पाठ मी जास्तीचा देतेय, प्राचार्यांना मी सांगते. गुण वाढवून मिळणार नाहीत. नीट झाला नाही तर रद्द करीन, आणि रद्द झाला तर परवा परत."

 तिनं विचारलं, "कितवीचा वर्ग?"

"तिथं गेल्यावर कळेल."

"तोच पाठ घेऊ का, वाफेचा?"

"तोच घे. आणि आज गावात फेरी मारायला जाऊ नकोस."

ती समजली. थोडं हसली, मला वाटतं. ऊन उतरलंय, फळे गाडीत ठेवते.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी फळे घेऊन लासुर्ण्याला गेले. रस्त्यात ट्रॉल्या होत्या, मागे राहिले. मुख्याध्यापकांना सहावीऐवजी पाचवी मागितली, जी सारिकानं कधी पाहिली नव्हती. त्यांनी दोन खुर्च्या मांडायला सांगितल्या, मग आठवून एकच म्हणाले. मी ती एक उचलली, वर्गाबाहेर ठेवली, चपला तिच्याशेजारी काढल्या आणि आत जाऊन शेवटच्या बसकरपट्टीवर बसले. माझे गुडघे तुमच्यासारखे नाहीत, मांडी घालायला वेळ लागला. मुलं बघत होती. सारिका त्यांच्यापेक्षा जास्त बघत होती.

माझी गाठ सोडवताना तिचं नख मोडलं. फळा टांगला. तिनं विचारलं, "दोरीवरचे कपडे वाळतात, तर त्यातलं पाणी कुठं जातं?" कुणी बोललं नाही. ती फळ्याकडे वळायला लागली. मी हात वर केला.

"जमिनीत जातं," मी म्हटलं.

वर्ग वळला. माझ्या शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी होती. ती म्हणाली, "न्हाय वो बाई. दोरी किती वर असती."

"गळतं की खाली," पुढचा एक मुलगा म्हणाला. "आमच्या आईची साडी गळती. खाली चिखल हुतो."

"ते पिळलं न्हाय म्हनून. पिळल्यावर कुठं गळतं?"

"मग कुठं जातंय? कावळा पितो व्हय?"

सगळे एकदम बोलायला लागले. सारिकानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग टेम्पोवाल्याला बोलणाऱ्या आवाजात म्हणाली, "थांबा. एकेकानं बोला. तू सांग, पिळलेली साडी उन्हात किती वेळात वाळते? आणि सावलीत?" आणि फळा सोडून ती रांगांच्या मधे आली.

मी शेरा लिहायला पेन काढलं. शेजारच्या मुलीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आत्ता लिहू नका," ती हळूच म्हणाली. "बाई शिकवत्यात."

मी पेन मिटलं आणि समोर बघत बसले.